तपासनिसांचा चष्मा आणि जादा बाईंचा वर्ग

तपासनीस साहेबांनी चष्मा काढून खुर्चीवर ठेवला आणि रुमालाने तोंड पुसलं, एवढंच झालं. पण मोठ्या बाईंचा आग्रह जबरदस्त. "उभे काय साहेब! बसा ना. बसा, बसा!" शेवटच्या 'बसा'ला साहेब बसले आणि खुर्चीतून काडकन आवाज आला.

मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. तसं ते सकाळपासूनच पळालेलं होतं. गरिबाघरच्या, अभ्यासात मागे पडलेल्या मुलांसाठी सरकारी अनुदानातून शाळेला एक शिक्षिका मिळाली होती. सगळे तिला जादा बाई म्हणत. आज मुलांनी वाचून दाखवलं नाही, तर अनुदान बंद आणि जादा बाई घरी. मुलांना वाचता येत होतं हो, पण परीक्षा म्हटली की त्यांची दातखीळ बसायची. गेल्या वर्षी याच साहेबांपुढे अख्खा वर्ग मुका झाला होता.

चष्म्याला डिंक लावला, तर काच साहेबांच्या अंगठ्याला चिकटली. मोठ्या बाईंचा चष्मा लावून पाहिला, तर साहेबांना दोन मोठ्या बाई दिसू लागल्या. एक होत्या तेवढ्या पुरे होत्या.

"मी वाचून दाखवते ना प्रश्न," मोठ्या बाई म्हणाल्या.

"छे! ही फाईल शिक्षकांच्या हाती द्यायची नाही. नियम आहे."

"मग आता कसं हो?"

नियमात मुलांचं नाव नव्हतं. साहेब चाचपडत वर्गात गेले आणि पहिल्या बाकावरच्या चिमुरडीपुढे त्यांनी फाईल धरली. तिला सगळे मुंगी म्हणत.

"बाळ, यातला प्रश्नांचा कागद कुठला गं?"

मुंगीने त्यांच्याकडे दयेने पाहिलं. "तुम्हाला वाचता येत नाही?"

"आज नाही येत."

"असू दे. माझ्या आजीला पण नाही येत. मी सांगते हं."

जादा बाईंची खरी करामत ही होती. पुस्तकातला गृहपाठ त्या देतच नसत. औषधाचं पाकीट, विजेचं बिल, घरमालकाची नोटीस, घरात येईल तो कागद न वाचता येणाऱ्या माणसाला वाचून दाखवायचा, हाच रोजचा गृहपाठ. अशी बाई मिळायला शाळेचं नशीब लागतं. वाचता न येणारं मोठं माणूस समोर आलं, की या मुलांना कंठ फुटायचा.

मुंगीने वरचाच कागद उचलला आणि घडाघडा सुरुवात केली. "'गतवर्षीचा अहवाल. या वर्गातील एकाही विद्यार्थ्यास साधे वाक्यसुद्धा वाचता येत नाही. शिक्षिकेवरील खर्च निष्फळ.'" तिने मान वर केली. "निष्फळ म्हणजे काय हो?"

साहेबांना घाम फुटला. दाराबाहेर उभ्या असलेल्या जादा बाईंनी डोळे मिटून घेतले.

"ते राहू दे. पुढचा कागद बघ," साहेब घाईघाईने म्हणाले.

तोवर साहेबांभोवती गराडा पडला होता. "ए, हळू वाच ना, त्यांना कळत नाहीये!" प्रश्न मुलांनीच वाचले, उत्तरंही देऊन टाकली आणि साहेबांना समजलं का, हे दोनदा विचारून घेतलं.

शेवटी राहिला अहवालाचा कोरा फॉर्म. साहेब सांगत होते, मुंगी लिहीत होती. "वाचन उत्तम. शिक्षिकेचे काम कौतुकास्पद." मोठ्या बाईंनी डोळे टिपले. तोच साहेब पुढे म्हणाले, "मुले वाचू लागली आहेत, सबब जादा शिक्षिकेची गरज उरलेली नाही."

"अहो साहेब, असं काय करता!" मोठ्या बाई कळवळल्या.

"मी काय करू बाई? गरज संपली की मदत संपली."

मुंगीने पेन चावलं. मग ती बराच वेळ लिहीत राहिली. तिने बोट ठेवलं तिथे साहेबांनी सही केली आणि वर शिक्काही मारला.

दुसऱ्या दिवशी कचेरीत जुना चष्मा लावून त्यांनी फॉर्म उघडला. शेवटच्या रकान्यात गोल गोल अक्षरांत लिहिलं होतं: 'जादा शिक्षिकेची गरज उरलेली नाही, असं साहेब म्हणतात. पण आहे. माझी धाकटी बहीण पुढच्या वर्षी शाळेत येणार आहे. तिला काहीच येत नाही.'

कारकुनाने खांद्यावरून वाचलं आणि तो चरकला. "साहेब, दुसरा फॉर्म देऊ?"

साहेबांनी सगळं पुन्हा एकदा वाचलं.

"नको," ते म्हणाले. "पाठव वर. यात चूक काहीच नाही."