गेणबाआण्णांची निळी बाटली

शिबिर कसं भरवावं हे कुणाला शिकायचं असेल, तर त्यानं पुण्याजवळ आमच्या चांद्याला यावं आणि जैनुद्दीन टेलरचं दुकान विचारावं! मी मापाचा माणूस आहे. गिऱ्हाईक उंबऱ्यात उभं राहिलं की त्याची छाती किती आणि त्या छातीत हिंमत किती, हे मी टेप न लावता सांगतो. बेलबॉटमची फॅशन तेव्हा चांद्यात नुकती पोचली होती, म्हणजे पुण्यात ती संपली होती. माझा धंदा जोरात होता. तरीही सरपंच गेणबाआण्णांनी शिबिराची जबाबदारी माझ्यावरच टाकली.

शिबिर कॅन्सरचं होतं. पुण्याच्या एका डॉक्टरांनी स्वतः औषध शोधून काढलं होतं म्हणे. रक्ताच्या बाटलीत त्याचे दोन थेंब टाकायचे. रक्त निळं पडलं की समजायचं, या माणसाला पुढेमागे कॅन्सर होणार! आजार यायच्या आधीच त्याची वर्दी! "असं औषध एक जर्मनीत आहे आणि एक माझ्याकडे," असं डॉक्टर सांगत. त्यांना आमच्याकडून पन्नास माणसांचं, बोटाएवढ्या पन्नास बाटल्या रक्त हवं होतं. त्या बदल्यात दर बुधवारी गावात दवाखाना उघडायचा त्यांनी शब्द दिला. आमच्याकडे साधा ताप आला तरी माणूस एस.टी.त घालून पुण्याला न्यावा लागे. त्यामुळे सगळं गाव हरखलं.

मी दवंडी पिटवली, "सकाळी उपाशी पोटी या!" संध्याकाळपर्यंत मोहिद्दीनच्या किराणा दुकानातला साबुदाणा संपला. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

शिबिराच्या दिवशी डॉक्टरांचा कंपाउंडर कोंडाजी बाटल्या घेऊन सकाळीच शाळेत हजर झाला. डॉक्टर फोटोग्राफर घेऊन जेवायच्या वेळेला येणार होते. शाळेमागं माझा चुलतभाऊ हाफीज पाहुण्यांसाठी बोकड कापत होता. वर्गाबाहेर ही भली मोठी रांग, आणि रांगेच्या पुढं गेणबाआण्णा.

"बगा रं," आण्णा बाही सरकवत म्हणाले, "सरपंच म्हून पैल्यांदा माझं रगत!"

कोंडाजीनं उकळत्या पाण्यातून सुई काढली. तेवढ्या जाडीच्या दाभणानं मी पोती शिवतो! आण्णांनी सुईकडं एकदा बघितलं आणि सुई दंडाला लागायच्या आधीच ते बाकावरून थेट फळ्याखाली आडवे झाले!

रांग हलली. पुढं नव्हे, मागं! कुशाबाला एकाएकी म्हैस आठवली. गोजराबाईला चुलीवरचं दूध आठवलं. बाकीचे म्हणाले, "आज उपास हाय, उपासाला रगत द्यायला चालत न्हाई!" बघता बघता अंगणात मी आणि एक कुत्रं एवढेच उरलो.

आण्णांना शुद्धीवर आणायला कांदा हवा होता, म्हणून मी शाळेमागं पळालो. तिथं गावातला भैरू रक्त धरायला जर्मनचं पातेलं आणि दोन कांदे घेऊन बसला होता. हाफीजचा हात असा, की बोकडाच्या अंगात रक्ताचा थेंब राहत नाही. आम्ही रक्त खात नाही, पण भैरूला त्याची कांद्यावर परतलेली रक्ती फार आवडते. त्यामुळे हाफीजनं बोकड कापला की पातेलं भैरूचं, हा दोघांचा जुना करार. मी भैरूचा एक कांदा उचलला. मग पातेल्याकडं बघितलं. माझ्यामागं आलेला कोंडाजीही पातेल्याकडंच बघत होता.

कांदा हुंगून आण्णा उठले. कोंडाजीलाही रिकाम्या बाटल्या घेऊन पुण्याला जायचं नव्हतं; आम्ही दोघांनी आण्णांना बेत सांगितला.

"रगत ते रगत," आण्णा म्हणाले. "लालच दिसतंय की! गावाला दवाखाना मिळतोय."

"आन् माझी रक्ती?" पातेल्यामागोमाग आलेला भैरू ओरडला.

"गावासाठी तेवढा त्याग कर," आण्णा म्हणाले. त्यागाबद्दल बोलताना त्यांचा आवाज नेहमीच भारी होतो.

कोंडाजीनं एकाच बोकडाच्या पन्नास बाटल्या भरल्या आणि मी त्यांवर पन्नास गावकऱ्यांची नावं चिकटवली. डॉक्टर आले. फोटो झाला, भाषण झालं, जेवण झालं. डॉक्टरांनी कलेजी दोनदा मागून घेतली. "बोकड अगदी कोवळा निवडलात हं," म्हणाले. गावातलं पोरगं न् पोरगं खरं काय ते जाणून होतं, पण दवाखान्यासाठी सगळे चिडीचूप!

आठवड्यानं डॉक्टरांची जीप परत आली. त्यांनी चावडीवर गाव गोळा केलं आणि चेहरा लांब करून सांगितलं, "एकोणपन्नास बाटल्या उत्तम आहेत. एक मात्र निळी पडली. सरपंचांची!"

लोकांनी हसू दाबायला तोंडात टोप्या कोंबल्या. आण्णा मात्र हसले नाहीत. ते घरी गेले आणि अंथरुणाला लागले.

"जैनू, मला गिळताना दुखतंय रं," ते मला म्हणाले.

"आण्णा, रक्त बोकडाचं होतं!"

"मला ठाव न्हाई व्हय? पर बाटलीवर नाव माझंच हुतं ना? पन्नासातली माझीच का निळी व्हावी?"

आण्णांनी भाकरी सोडली. तंबाखू सोडली. भेटायला येणाऱ्यांना ते असे बघत, की आता ही शेवटचीच भेट. खरं सांगून टाकू म्हटलं तर "दवाखाना जाईल, गप ऱ्हा" म्हणून दटावत.

आणि मग बातमी कासारसाईला पोचली. आण्णांची एकुलती एक मुलगी जया तिथल्या कोंडिबांच्या मुलाला द्यायची ठरली होती. कोंडिबांचा निरोप आला, तूर्त लग्न थांबवा. बापाच्या रक्तात आहे, तर मुलीच्या नसेल कशावरून?

दुसऱ्या दिवशी जया दुकानात आली. तिचा लग्नाचा ब्लाऊज खुंटीवर लटकत होता. तिनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"जैनूचाचा, त्याची हुकं लावू नगा. तसाच ऱ्हाऊ द्या."

"जया, रडू नको गं."

"रडत न्हाई मी. मला राग आलाय! आण्णांना इचारलं तर म्हणत्यात, गावाचा दवाखाना जाईल. मंग माझं काय? बोकडाच्या पायी मी घरात बसू व्हय? बाटल्यांवर नावं तुमीच चिकटवली न्हवं?"

या पोरीचा पहिला परकर मी शिवलेला. मी सायकल काढली आणि कासारसाईला जाऊन कोंडिबांना म्हटलं, "बुधवारी चांद्याला चला. तुमच्यासमोर डॉक्टरांना विचारतो. मग काय ते ठरवा."

बुधवारी शाळेत दवाखान्याचं उद्घाटन होतं. डॉक्टर हार घालून बसलेले. आण्णांना खाटेवरून आणलेलं. कोंडिबा पहिल्या ओळीत. जया दाराशी. मी उभा राहिलो.

"डॉक्टरसाहेब, तुमची चाचणी चुकू शकते का?"

"अशक्य!"

"एकाच जिवाचं रक्त दोन बाटल्यांत भरलं, तर एक निळी आणि एक लाल होईल का?"

"अहो शिंपी, काहीतरीच काय विचारता? कशी होईल?"

"मग तुमच्या झाल्या कशा? पन्नासही बाटल्या एकाच जिवाच्या होत्या."

"कोणाच्या?"

"तुम्ही दोनदा कलेजी घेतलीत ना, त्याच्या!"

"माझी रक्ती हुती ती!" मागून भैरू ओरडला.

डॉक्टरांचा हात हळूहळू पोटाकडं गेला. मी सोडतोय होय?

"आता तुम्हीच सांगा. चाचणी खरी असेल तर त्या बोकडाला कॅन्सर होता, आणि तो तुमच्या पोटात गेलाय. खोटी असेल तर आमचे आण्णा खाटेवर कशाला?"

डॉक्टरांनी रुमालानं घाम पुसला. "तसं पाहिलं तर," ते म्हणाले, "संशोधन अजून प्राथमिक अवस्थेत आहे."

आण्णा खाटेवरून उठून बसले. "आयला! मंग मी भाकर कशापायी सोडली?"

गाव पोट धरून हसलं. डॉक्टर त्याच पावली जीपमध्ये बसले आणि आमचा दवाखानाही त्याच जीपमधून गेला. तो काही परत आला नाही. पुढं कित्येक वर्षं आम्ही तापाची माणसं एस.टी.तूनच नेत होतो. पण त्या दिवशी कोंडिबांनी भरल्या शाळेत सांगितलं, "लगीन ठरल्या दिवशीच!" जया जाता जाता मला एवढंच म्हणाली, "चाचा, हुकं लावा."

कोंडिबा मग हाफीजकडं वळले. "लग्नानंतरच्या जागरण-गोंधळाचा बोकड तुमच्याकडूनच नेनार. पर एक करा. त्याचं रगत तेवढं कुणाकडून तरी आदी तपासून घ्या!"

यावर सगळ्यांत मोठ्यानं कोण हसलं असेल, तर मी!

लग्न थाटात झालं. जागरणाला आम्ही कासारसाईला गेलो. हाफीजचाच बोकड, हाफीजचाच हात. पंगतीत भैरू वाढायला होता. रश्श्याची बादली माझ्यापुढं आली. भर शाळेत डॉक्टरांचं पितळ उघडं पाडणारा मी! पण त्या लाल रश्श्याकडं बघितलं आणि मला ती निळी बाटलीच दिसायला लागली.

"मला नको," मी हळूच म्हणालो. "उपास आहे."

"तुमचा? उपास?" भैरूनं बादली खाली ठेवली. "कमाल हाय, जैनूभाई! आण्णांचा बी उपास, कोंडिबांचा बी उपास! म्हंजी आख्खा बोकड माझ्या एकट्याचाच की!"