एकशे नव्वदवाले

सकाळी सव्वाआठला केंद्राच्या जिन्यावर पावलांचा असा धडधडाट झाला, की सिस्टरना वाटलं, खालच्या सायकल दुरुस्तीवाल्याकडे आग लागली. दुसरं काही वाटायला जागाच नव्हती. केंद्र दोन खोल्यांचं, आणि तिथं आपण होऊन वर चढणारी माणसं म्हणजे मागच्या आरोग्य शिबिराला आलेले तिघे. त्यातला एक झेरॉक्सचं दुकान विचारायला आला होता.

सिस्टर म्हणजे एकतीस वर्षं वॉर्ड सांभाळून निवृत्त झालेल्या बाई. अठरा-वीस वर्षांची पंधरा मुलंमुली त्यांच्याकडे रक्तदाब मोजायला शिकत, आणि शेजारच्या खोलीत मास्तरांकडे तो आकडा टॅबमध्ये भरायला. आकडा वाईट निघाला की टॅब दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आपोआप त्या माणसाला मेसेज पाठवणार, आणि माणूस तडक तपासायला येणार, अशी मोठी झकास योजना होती. तिच्यात उणीव एकच, माणूस. हात पुढे करायला कुणी तयारच नसे. आणि आज दुपारी चारच्या शिबिराला पैसे देणाऱ्या संस्थेच्या मॅडम स्वतः येणार होत्या. मागच्या अहवालावर त्यांनी लाल शाईनं लिहिलं होतं, 'लोकांचा प्रतिसाद नगण्य. पुढील भेटीत निर्णय.' निर्णय म्हणजे कुलूप, हे न कळायला सिस्टर काही दूधखुळ्या नव्हत्या. या पंधरा पोरांचं पुढे काय, या काळजीनं चार दिवस त्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

दार ढकलून पहिला आत आला तो लेथ मशीनवर काम करणारा एक आडदांड गृहस्थ. मागे सगळी गल्ली.

"कोण ती सिस्टर?"

"मी. काय झालं?"

"ते तुम्ही मला विचारता? हे बघा!" त्यानं मोबाईल त्यांच्या नाकाशी धरला. 'आपला रक्तदाब १९०/११८. धोकादायक. त्वरित केंद्रात यावे.'

"माझाही एकशे नव्वदच!" मागून एक शिवणकाम करणारी बाई ओरडली. "आणि आमच्या सासूबाईंचाही तोच. दोघींचं आयुष्यात पहिल्यांदा जमलं, ते हे असं!"

"पण मोजला कुणी?" लेथवाला गरजला. "मी झोपेत असताना घरात शिरलात की काय?"

सिस्टरच्या तोंडचं पाणी पळालं. कारण तो आकडा त्यांचाच होता.

काल दुपारी त्यांनी मुलांकडून शेवटचा सराव करून घेतला होता. आकडा धोक्याचा असला की पडदा लाल कसा होतो ते मुलांना दिसावं, म्हणून सगळ्यांना एकशे नव्वद भरायला सांगितलं. पण कुणीतरी नाव म्हणून 'अबक' आणि नंबर म्हणून दहा शून्यं टाकली, तेव्हा त्यांचा पारा चढला. "माझ्या वॉर्डात असला थिल्लरपणा चालायचा नाही! खऱ्या माणसांची नावं घाला, खरे नंबर घाला!" मग मुलांनी आई, बाप, आत्या, घरमालक, शाळेत छड्या मारणाऱ्या बाई, जो आठवेल तो घातला. म्हणजे कागदोपत्री सगळं खरं, फक्त दुखणं तेवढं खोटं.

"पण सरावात मेसेज जातच नाहीत," मास्तर पुटपुटले. "वर पिवळी पट्टी असते, 'सराव' लिहिलेली. ती असेपर्यंत—"

"ती चिकटलेली पट्टी होय?" सिस्टर म्हणाल्या. "फार अस्वच्छ दिसत होती. मी काढून टाकली."

मास्तर मटकन खाली बसले.

तेवढ्यात फुलस्टॉप पुढे झाली. वर्गातली ही सगळ्यात बुटकी मुलगी, म्हणून तिला हे नाव पडलेलं; बोलायला लागली की मात्र ती कुठं थांबत नसे. "सिस्टर, आलेच आहेत तर मोजूया की. आकडा बरा निघाला की जातील आपले घरी."

म्हणणं बिनतोड होतं. पंधरा मुलांनी पट्टे बांधले, यंत्रं घुरघुरली, आणि पहिले आकडे आले. एकशे सत्तर. एकशे ब्याऐंशी. एकशे पंचाहत्तर. मेसेज वाचून माणसं अंगावरच्या कपड्यानिशी पळत आली होती, दोन जिने चढली होती, वर भांडली होती. दाब वाढेल नाही तर काय!

"बघा! खरंच निघाला की नाही?" शिवणकामवाली किंचाळली, आणि तिच्या किंचाळण्यानं शेजारच्या तिघांचा आणखी वाढला.

"पाच मिनिटं शांत बसलं पाहिजे," सिस्टर गयावया करत म्हणाल्या. "न बोलता. पाय जमिनीला टेकवून."

कोण ऐकतंय! जो तो मोबाईलवरून नातेवाइकांना आपला आकडा कळवत होता. शेवटी फुलस्टॉप स्टुलावर उभी राहिली. "मोबाईल या पेटीत! ज्याचा मोबाईल पेटीत नाही, त्याला मशीन नाही!" आणि नवल म्हणजे सगळ्यांनी टाकले. चाळीस माणसं शाळेतल्या मुलांसारखी हात मांडीवर ठेवून गुपचूप बसली. मुलं एकेकाजवळ गेली, हलक्या आवाजात विचारपूस करत, पट्टा नीट बसवत. आकडे उतरू लागले. सिस्टर बघतच राहिल्या. हे सगळं त्यांनीच शिकवलं होतं, पण पोरांना ते येतं, हे त्यांना आत्ता कळत होतं.

आणि नेमक्या त्याच वेळी, चारच्या ऐवजी साडेनऊला, मॅडम दारात उभ्या राहिल्या. घामाघूम.

सिस्टर उठायच्या आत फुलस्टॉपनं त्यांना खुर्चीत बसवलं. "मोबाईल पेटीत. बोलायचं नाही."

"अगं, मी—"

"एक अक्षर नाही, काकू."

संस्थेच्या काकू मुकाट्यानं बसल्या. सिस्टरची नजर भिंतीवरच्या फलकाकडे गेली आणि त्यांना दरदरून घाम फुटला. 'तक्रारीसाठी संपर्क' म्हणून तिथं मॅडमचाच नंबर होता, आणि काल मुलांना पहिली नोंद करून दाखवताना तो त्यांनी स्वतःच्या हातानं घातला होता.

इकडे लेथवाल्याचं तिसऱ्यांदा मोजून झालं. सगळ्यांचे उतरले, त्याचा एकशे अडुसष्टच्या खाली येईना. मोजणारी फुलस्टॉप गप्प झाली होती. तो तिचाच बाप होता. महिनाभर ती त्याच्यामागे लागली होती, आणि तो तिला उडवून लावत होता.

"एकशे नव्वद म्हणालीस आणि अडुसष्ट निघाला," तो म्हणाला. "म्हणजे सुधारला की गं."

"बाबा, मस्करी नको. आज डॉक्टरकडे जायचं. माझ्याबरोबर."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते. "जाऊ," तो म्हणाला. "पण तिथं माझा मोबाईल काढून घ्यायचा नाही."

आता सिस्टरना राहवलं नाही. त्या मॅडमसमोर उभ्या राहिल्या आणि पट्टीपासून फलकापर्यंत सगळं घडाघडा सांगून टाकलं. "मुलांची काही चूक नाही. कुलूप लावायचं तर माझ्या नावावर लावा."

मॅडमनी यंत्राकडे बोट केलं. एकशे अठ्ठावीस. मग त्या हसल्या. "तीन वर्षं तुमच्या अहवालात 'जनजागृती' हा शब्द वाचतेय. जागी झालेली जनता आज पाहिली. आणि ही मुलगी! मला गप्प बसवणारं माणूस आमच्या अख्ख्या कार्यालयात नाही. वर्षभर चालू ठेवा. फक्त संध्याकाळपर्यंत सगळ्यांना माफीचा मेसेज गेला पाहिजे. तुमच्या हातानं."

सिस्टरनी तासभर खपून मेसेज लिहिला, 'सकाळचा मेसेज चुकीचा होता. क्षमस्व. घाबरू नये.' मास्तरांनी तीनदा वाचून मग पाठवू दिला.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता पुन्हा जिना धडधडला. या वेळी दुप्पट. "सकाळी धोका म्हणता, संध्याकाळी नाही म्हणता! एकदा काय ते नीट बघून सांगा!" त्यांच्यामागे मेसेज न आलेले, म्हणून रुसलेले. सगळ्यांच्या शेवटी एक निवृत्त बस कंडक्टर होता, इस्त्रीचा सदरा घालून आलेला. त्याचा निघाला एकशे चोवीस, अठ्ठ्याहत्तर.

"छान आहे तुमचा," सिस्टर म्हणाल्या.

"मग मेसेज नाही येणार?"

"वाईट असला तरच येतो हो."

"थोडा वाईट लिहा की," तो ओशाळून म्हणाला. "एकटाच असतो मी. मला 'त्वरित या' असं कुणी म्हणून वर्षं झाली."

सिस्टर उठून शेजारच्या खोलीत गेल्या आणि मास्तरांच्या कानाशी लागल्या. मास्तरांनी आधी नकारार्थी मान हलवली, मग टॅब ओढला.

कंडक्टर जिना उतरत होता तेव्हा त्याच्या खिशात मोबाईल वाजला. तिथंच थांबून, चष्मा लावून त्यानं वाचलं.

'आपला रक्तदाब १२४/७८. उत्तम. तरीही यावे.'