शिवप्पाकाकांच्या मुंग्या

आमच्या शिवप्पाकाकांनी टीव्ही आणला तेव्हा सोलापुरात टीव्ही दिसतच नव्हता. पुण्याहून बसच्या टपावर घालून आणलेला तो संच त्यांनी माडीवर ठेवला, माळवदावर उंच नळ उभारून अँटेना बांधला आणि दर बुधवारी संध्याकाळी घरादाराला मुंग्या दाखवायला सुरुवात केली.

"बसा की निवांत. आता लागंल."

लागायचं काहीच नाही. पडदाभर पांढऱ्या मुंग्या आणि कढईत भजी सोडल्यासारखा आवाज.

अँटेना फिरवायचं काम माझ्याकडं. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि दोन मैफिली ऐकून जाणकार झालो होतो. एका मैफिलीत गवई तंबोरा जुळवत असतानाच मी "क्या बात है" म्हणून मोकळा झालो होतो. काकूंना नाट्यगीतं हवी असायची. काकांना कानडी भक्तिवचनांपलीकडं गाणंच मान्य नव्हतं. "बाकी सगळी कावकाव," म्हणायचे.

"मग गाण्यांच्याच कार्यक्रमाला टीव्ही का लावता?" मी एकदा विचारलं.

"साकु!" काका कानडीत डाफरले. म्हणजे पुरे. मी गुमान माळवदावर गेलो.

एका बुधवारी, हवेमुळं की कशामुळं देव जाणे, चित्र आलं. काकू खालून ओरडल्या, "हलू नकोस!" मी नळाला मिठी मारून झरोक्यातून खाली पाहू लागलो. एक गायक गात होता, मागं चारजणी कोरसला. मी वरूनच राग ओळखायच्या तयारीत होतो, तेवढ्यात काका उठून पडद्याशी गेले.

"डावीकडची. आपली शांता."

शांता त्यांची एकुलती मुलगी. तीन वर्षांपूर्वी तिनं मुंबईत एका तबलजीशी लग्न केलं, तेव्हापासून तिचं नाव काढायलाही काकांनी घरात बंदी केली होती.

"ती बुधवारी टीव्हीवर गाते हे तुम्हांला आधीच कसं कळलं?" काकूंनी विचारलं.

"तू ज्वारीच्या डब्यात तिची पत्रं लपवतीस. तू देवळात गेलीस की वाचतो."

पुन्हा मुंग्या आल्या. मी खाली उतरलो तर काका पोस्टकार्ड घेऊन बसले होते. मला म्हणाले, "पत्ता तेवढा घाल. डब्यातल्या पत्रावर असंल."

मजकूर त्यांनीच लिहिला होता: 'लई बारीक झालीस. घरी ये. जावयांनापण आण.'