वडिलोपार्जित ताप

नरहरीच्या टेबलावर हायड्रोजनची बाटली आली आणि धाकट्या भावाचं, शामरावचं, घरातलं वजन संपलं.

नरहरीला दर महिन्याला ताप येई, सांधे धरत. हा ताप आनुवंशिक आहे, असं डॉक्टर म्हणाले होते. अशा तापावर हायड्रोजन मिसळलेलं पाणी चालतं का, यावर कुठेतरी संशोधन सुरू असल्याचं भाच्याने वाचलं आणि बाटली पाठवून दिली. "अजून सिद्ध काही नाही," डॉक्टरांनी बजावलं. पण बाटलीचं बटण दाबलं की आतल्या पाण्यात बुडबुडे उठत, आणि ते पाहायला बूढापारा मोहल्ल्यातली अर्धी गल्ली येई. बायको गेल्यापासून नरहरीचं सगळं शामरावची बायको वनमाला पाहत असे. ताप आला की ती पेज घेऊन त्याच्या उशाशी बसे.

शामराव सिलतऱ्याच्या लोखंड कारखान्यातल्या भट्टीवरून घरी आला, की पाणीसुद्धा हाताने घेई.

"बाप दोघायचा, मंग ताप दादालेच काहून?" एकदा तो भडकला.

"वाटणीत मोठी खोली तुम्ही घेतली ना!" वनमाला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शामरावने थर्मामीटर चहात बुडवला आणि तोंडात धरला. वनमाला घाबरली. कपाळावर पट्ट्या, तळपायाला तेल, वर बुडबुड्यांचं पाणी! शामराव तृप्त झाला.

बाटली पाहायला आलेल्या शेजारणीने ही बातमी लगेच दुर्गला पोचवली. तिथे शामरावच्या मुलीचं, देवश्रीचं, लग्न ठरलं होतं. होणाऱ्या सासऱ्यांचा फोन आला.

"काकाचं ठीक आहे हो. पण पोरीच्या बापालेच खानदानी ताप? आमाले विचार करावा लागेल."

"पापा, अब क्या होगा?" देवश्री रडायला लागली.

"मले ताप नाही!" शामराव ओरडला.

"पोरीसाठी लपवून राहिले बिचारे," म्हणत वनमालाने आणखी एक पट्टी ठेवली.

पट्ट्या फेकून शामराव भावाच्या खोलीत शिरला. "दादा, मी थर्मामीटर चहात बुडवला होता. तू तरी सांग याहीले."

"कपात बुडवला?"

"हव."

"बशीत बुडवायचा. कपात जास्तच चढते."

शामराव खाटेच्या कडेला बसला.

"खरा ताप दोन-तीन दिवसच राहते रे," नरहरी मान खाली घालून म्हणाला. "मंग उशाशी कोणी बसत नाही."

शामराव बाहेर आला. दुर्गला फोन लावून त्याने सगळ्यांदेखत चहाची गोष्ट सांगितली. पलीकडून मोठं हसू ऐकू आलं. लग्न वाचलं, पण वनमालाचं डोकं फिरलं. थर्मामीटर उचलून ती नरहरीच्या खोलीकडे निघाली.

"आता भाऊजींचाही ताप माझ्यासमोर पाहते!"

"थांब, मी पाहतो." शामराव तिच्या पुढे झाला. त्याने भावाच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ गार होतं.

"खूप तापला आहे," तो म्हणाला. "तू बस इथं."