एक सुताचा आडोसा

अप्पासाहेब तीन महिन्यांसाठी हवापालटाला येत असल्याचं पत्र गुरुवारी आलं, आणि प्रेमाने नवऱ्याच्या हातात चहाचा कप देऊन एकच मागणी केली. खोलीत आडोसा हवा.

"लग्नाला सात महिने झाले," ती म्हणाली. "त्यात आधी तुमचा मावसभाऊ नोकरी शोधायला राहिला. मग विठाआत्या डोळे दाखवायला आल्या. आपण दोघंच असे किती दिवस होतो, सांगा बघू?"

"महिना-दोन महिने तरी..."

"एकोणीस दिवस. मोजलेत मी."

त्रिविक्रमने चहाचा घोट घेतला. मल्लेश्वरमच्या एका वठारात, म्हणजे तिकडच्या चाळीत, त्यांची एक खोली आणि एक स्वयंपाकघर, एवढाच संसार. अप्पासाहेब म्हणजे त्याचे वडील, निपाणीचे रिटायर झालेले पोस्टमास्तर. ते पहाटे चारला उठत आणि समोर जो कोणी झोपलेला दिसेल त्याच्याशी गप्पा सुरू करत. अशा माणसाच्या आणि नव्या जोडप्याच्या मध्ये काहीतरी असावं, ही प्रेमाची मागणी वावगी नव्हती. त्रिविक्रमचीही तीच इच्छा होती.

शनिवारी तो प्लायवूडचे दोन तक्ते घेऊन आला. आठ फूट उंच, चार फूट रुंद, एक सूत, म्हणजे जेमतेम इंचाचा आठवा भाग, जाड. दोन्ही शेजारी शेजारी उभे केले की खोलीचे दोन भाग होणार होते. मात्र छताखालच्या माळ्यामुळे सहा फुटांच्या वर जागा नव्हती, म्हणून वरचे दोन फूट कापायचे होते.

"देवाप्पाला बोलावते," प्रेमा म्हणाली. वठाराच्या कोपऱ्यात देवाप्पा सुताराची शेड होती.

"देवाप्पा अंदाजाने काम करतो," त्रिविक्रम म्हणाला.

आता त्रिविक्रमविषयी एक गोष्ट सांगायलाच हवी. तो एका सरकारी कारखान्यात इन्स्पेक्शन खात्यात होता. नऊ वर्षांत त्याने स्वतः एक खिळाही बनवला नव्हता. दुसऱ्यांनी बनवलेलं नाकारणं हेच त्याचं काम. खिशात कायम दोन खडू असत. लाल म्हणजे रिजेक्ट, निळा म्हणजे पास. निळा खडू अजून नवाकोरा होता. एकदा त्याने प्रेमाच्या पोळीचा घेर मोजला होता, आणि त्यानंतर चार दिवस घरात भात शिजत होता.

रविवारी सकाळी त्याने कारखान्यातल्या मित्रांकडून आणलेल्या चार करवती, कोणती सगळ्यात साफ कापते ते बघायला, ओळीने मांडल्या. अप्पासाहेबांची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती. त्याने दोन्ही तक्ते एकमेकांवर आवळून बांधले आणि मोठ्या दातांची करवत उचलली. पाच मिनिटांत दोन फूट खाली पडले. तक्ते बरोबर सहा फुटांचे झाले.

"झालं की!" प्रेमा टाळी वाजवून म्हणाली.

त्रिविक्रमने कडेवरून बोट फिरवलं. बोटात कुसळ गेलं. कडेला ढलप्या निघाल्या होत्या. त्याने खिशातून लाल खडू काढला.

"अहो, ती कड वर माळ्याला लागणार. बघतंय कोण?"

"माल कुठे लागणार हे इन्स्पेक्शन बघत नाही," तो म्हणाला आणि कडेवर फुली मारली.

पुढची पाळी लोखंड कापायच्या करवतीची. हिचे दात बारीक होते, पण नियम असा की तुलना खरी व्हायची तर प्रत्येक करवतीला नवी कोरी जागा मिळाली पाहिजे. म्हणून एक फूट खाली रेघ मारली गेली. करवत चार इंच सफाईने चालली, मग तिची चौकट तक्त्याच्या कडेला अडकली. उरलेलं वाकडंतिकडं तोडावं लागलं. लाल फुली.

"पाच फूट," प्रेमा म्हणाली. "आता उभं राहिलं की मामंजींना माझं डोकं दिसणार."

"बसून राहा."

तिसऱ्या करवतीच्या पाठीवर जाड पितळी पट्टी होती. पट्टी तक्त्यावर आपटू लागली आणि रेघ सोडून करवत भलतीकडेच गेली. तक्ते चार फुटांवर आले.

"आता बसलं तरी दिसणार."

"मग झोपून राहा," त्रिविक्रम कपाळावरचा घाम पुसत म्हणाला. शास्त्राच्या मध्ये कोणी बोललेलं त्याला खपत नसे.

चौथीचं पातं तारेसारखं नाजूक होतं. त्याने कड छान येत होती, पण पातं तीन वेळा तुटलं, आणि पहिल्यासकट प्रत्येक पात्याला सहा इंच खाली नवी रेघ मिळाली. दुपारी तक्ते दोन फुटांचे होते. प्रेमाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला खरंच रडू येत होतं.

"कापलेले तुकडे तरी खिळे मारून जोडा हो परत!"

"रिजेक्ट झालेला माल परत वापरता येत नाही."

तो वापरता येणारही नव्हता. घरमालकीण गंगव्वा दारात आली. "प्रेमक्का, आणखी हाईत का तुकडे? बंबातलं पाणी लई मस्त तापलं बघा!"

शेवटी प्रेमाच देवाप्पाला घेऊन आली. त्याने करवती पाहिल्या, तक्ते पाहिले आणि त्रिविक्रमकडे दयेने पाहिलं.

"अण्णा, एवढ्या पातळ मालाला करवत कशाला लागतीय? स्वल्प सरका." त्याने कमरेचा चाकू काढला, पट्टी धरून दोन्ही बाजूंनी रेघ ओढली आणि तक्ता मोडला. मग दुसरा. "सरी? बरोबर हाय न्हवं?"

कड आरशासारखी होती. त्रिविक्रमचा हात आपोआप निळ्या खडूकडे गेला. नऊ वर्षांतली पहिली निळी खूण त्याने मारली. तक्ते आता दीड फुटाचे होते, आणि रविवारी दुकानं बंद.

सोमवारी सकाळी अप्पासाहेब आले. खोलीच्या मधोमध गुडघाभर उंचीचा आडोसा पाहून ते थबकले. त्यांनी आडोशाकडे पाहिलं. मग सुनेकडे पाहिलं. प्रेमा शरमेने लालबुंद होऊन खाली बघत होती. हळूहळू म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

"रांगतं बाळ बाहेर जाऊ नये म्हणून, होय रे? आणि मला पत्रात एक शब्द नाही!"

त्रिविक्रमने तोंड उघडलं. हा आडोसा बाळासाठी नाही, असं म्हटलं तर मग कोणासाठी, हे सांगावं लागलं असतं.

"तयारी... म्हणजे आधीपासून असलेली बरी, अप्पा," तो म्हणाला.

अप्पासाहेबांनी ट्रंक दारातच ठेवली आणि तडक तार ऑफिस गाठून निपाणीला तार ठोकली. 'खुशखबर. ताबडतोब निघा.'

गुरुवारी सासूबाई आल्या. बरोबर विठाआत्या, डिंकाचे लाडू आणि पाळणा. प्रेमाला लहानपणापासून आई नव्हती. सासूबाईंनी तिला जवळ घेतलं, "पोरी, तुझं बाळंतपण मीच करणार," म्हणाल्या, आणि प्रेमाला खरोखरच हुंदका फुटला. तिला खूप बरं वाटलं आणि मेल्याहून मेल्यासारखंही झालं. रात्रीची व्यवस्था ठरली : आडोशाच्या एका बाजूला तिघी बायका, दुसरीकडे अप्पासाहेब आणि त्रिविक्रम.

दुसऱ्या दिवशी कामावर जाताना त्रिविक्रमला डबा द्यायला प्रेमा वठाराच्या दारापर्यंत आली. दोघांना एकटं बोलायला तेवढंच अर्धं मिनिट मिळालं.

"आई किती दिवस राहणार म्हणाली?" त्याने हळूच विचारलं.

"नातवंडाचं तोंड पाहिल्याशिवाय हलणार नाही म्हणाल्या."

"मग हरकत काय आहे? आज ना उद्या होईलच की आपल्याला."

प्रेमाने मागे वळून पाहिलं. खिडकीत तिघंही कौतुकाने हात हलवत उभे होते.

"अहो," ती म्हणाली, "पण हे सगळे गेल्याशिवाय ते होणार कसं?"