किमतीनं हाक मारणारे सोपानकाका

आई मुकुंदवाडीत सहा घरची धुणी धुवायची. सोड्यानं तिच्या बोटांना भेगा पडायच्या आणि भाकरी थापताना त्यांत पीठ भरायचं. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते तेव्हा तिचा उजवा हात सुजला. कपडा पिळता येईना. घरात ठरलं, मी कॉलेज सोडायचं आणि धुणं घ्यायचं. हे सांगितल्याशिवाय शेजारच्या सोपानकाकांबद्दल सांगता येत नाही.

काका कारखान्यात फिटर होते. घरातल्या वस्तूला ते नावानं कधी हाक मारत नसत, किमतीनं मारत. मिक्सर म्हणजे ‘नऊशे पंच्याऐंशी’, इस्त्री म्हणजे ‘एकशे चाळीस’. गल्लीतल्या बाया चटणी करायला त्यांच्याकडं जायच्या, तर काका दारातून सांगायचे, “नऊशे पंच्याऐंशीला दमानं घ्या, तापतंय.” एकदा पाहुण्याला म्हणाले, “एकशे चाळीस घेऊन जा, उद्या आणून द्या.” पाहुणा बिचारा ओशाळला. पैसे नकोत म्हणाला, सदरा तेवढा चुरगळलाय.

विकत घेतल्या दिवशीच काका ती वस्तू भांड्यांवर नावं घालणाऱ्याकडं न्यायचे. लोक तिथं ताटावर, तांब्यावर नाव घालून घेतात. काका मिक्सरवर नुसती किंमत घालून घ्यायचे. नाव घालणारा हसायचा, तर हे म्हणायचे, “तू अक्षरामागं पैसं घेतो. नाव कशाला? आकड्यात भागतंय.” आणि वर त्यांचं ठरलेलं वाक्य, “वस्तू जुनी व्हते, मोल ध्यानात राहावं.”

फक्त एका वस्तूचं मोल कुणाला ठाऊक नव्हतं. कोपऱ्यात चादर पांघरलेलं कपडे धुण्याचं मशीन होतं. ते कधी चालू झालं नाही. काका स्वतःचे कपडे दगडावर धुवायचे. मशीन केवढ्याला पडलं विचारलं, की ते चहा ठेवायला उठायचे.

माझं कॉलेज सुटणार हे कळलं, तसे काका आमच्या दारात आले. उभ्याउभ्याच आईला म्हणाले, “वैनी, पोरीला जाऊ द्या कालिजात. धुणं माझ्याकडं आणा. मशीन पिळून देतंय.”

आई संकोचली. लोकांचे कपडे तुमच्या नव्या मशीनमध्ये कसे टाकायचे, म्हणाली.

“तिलाबी लोकाचेच धुवायचे होते,” काका म्हणाले.

ती म्हणजे काकांची बायको, गंगूकाकू. काकू आणि आई जोडीनं धुणी घ्यायच्या. दर दिवाळीला काका-काकू गुलमंडीच्या बाजारात जाऊन मशीनची किंमत विचारून यायचे, आणि काकू म्हणायच्या, औंदा नाय, पुढच्या साली घेऊ. मग काकू वारल्या. मशीन आलं ते त्याच्या पुढच्या दिवाळीला.

काकांच्या घरी जाऊन मी मशीनवरची चादर काढली. झाकणाच्या पत्र्यावर कोरलेलं होतं. कोरताना रंग उडाला होता, अक्षरांच्या कडेनं गंज धरला होता. आकडा कुठंच नव्हता. होतं ते एवढंच : ‘सौ. गंगूबाई सोपानराव, मु. लासूर स्टेशन.’

अक्षरामागं पैसे मोजणाऱ्या माणसानं गावाचं नावसुद्धा सोडलं नव्हतं. आणि काकूंना जाऊन वर्ष होत आलेलं असताना ‘कै.’ न घालता नुसतं ‘सौ.’ लिहिलं होतं.

काकांनी नळी लावली, बटण फिरवलं आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

तीन वर्षं आईनं त्या मशीनवर धुणी काढली. मी कॉलेज सोडलं नाही. बी.ए. झाले. आमच्या घरात पहिली.