सोनवणे काकांची लांब गाडी

सोनवणे काका कुणाला गाडीत घेताना आधी त्याच्या पायांकडे बघतात. पायात चप्पल असेल तर लिफ्ट नाही. चप्पल घालून धक्का देता येत नाही, हे त्यांचं साधं गणित. मोशीतल्या आमच्या सोसायटीत ते माझे शेजारी, त्यामुळं मी बाराही महिने बूट घालतो.

गाडी जुनी, लांबलचक, घरच्यांसाठी घेतलेली, पुढून मोटार आणि मागून टेम्पो. डावीकडे वळायचा दिवा लावला की वायपर फिरतात. काच आपल्या मनानं खाली येते, वर मात्र हातानं ओढावी लागते. डॅशबोर्डवर लाल दिवे इतके लागतात की दिवाळीला काकांनी वेगळी माळ आणायची गरज नाही. चाकणच्या कंपनीत पार्ट तपासण्यात जन्म घालवलेला हा लातूरकडचा माणूस, पण स्वतःच्या गाडीला नावं ठेवलेली खपत नाहीत. "बिघडली नाही रे, रुसलीय," म्हणतात. मग तिची समजूत आम्ही काढायची, मागून खांदा लावून.

त्यांची लेक वैशू इंजिनिअर झाली, चेन्नईला नोकरी लागली. निघायच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं हजर व्हायचं, नाहीतर नोकरी हातची जाणार. विमान दुपारचं.

"पप्पा, आजच्या दिवस कॅब करू या ना," ती रडकुंडीला आली होती.

"घरात गाडी असताना भाड्यानं जायचं?" म्हणत काकांनी मला हाक मारली. "संतोष, चल रे."

मी मनातल्या मनात त्यांना शिव्या देत पुढं बसलो. पोरीच्या नोकरीशी कसला खेळ मांडलाय, राव. भोसरीच्या सिग्नलला इंजिन थरथरलं तेव्हा वैशूनं मागून माझा खांदा घट्ट धरला. पण ते बंद पडलं नाही. डावीकडे वळलो तर वायपर जागचे हलले नाहीत. दिघी मागं पडली तरी एक लाल दिवा नाही, तापाचा काटाही जागच्या जागी. वैशूच्या जिवात जीव आला. काका मात्र गप्प गप्प होत चालले होते.

विमानतळ जवळ आलं आणि त्यांनी गाडी कडेला घेतली.

"काय झालं?"

"आवाज यायलाय."

इंजिन तसंच चालू ठेवून ते उतरले आणि बॉनेट उघडून त्याच्या आड उभे राहिले. मी कान दिला. आवाजबिवाज काही नव्हता. माझं डोकं फिरलं. आता दोन शब्द सुनवायचेच म्हणून तरातरा पुढं गेलो, तर काकांचे हात रिकामे आणि डोळ्यांना धार लागलेली. काकू गेल्यापासून त्या घरात बापलेक दोघंच होती. माझा राग कुठल्या कुठं गेला.

वैशू उतरून आली. तिनं बापाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि त्यांना खेटून उभी राहिली.

"गरम झालंय, पप्पा," इंजिनिअर पोरगी म्हणाली. "थोडं थांबू या."